नवी बॅटरी घेण्याआधी: जुन्या डिझेल गाडीचं चार्जिंग कसं तपासायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी २००३ ची क्वालिस, डिझेल. बाबांनी घेतलेली, फेरनोंदणी झालेली, इंजिन अजून खणखणीत. कराडला घरी दुसरी गाडी आहे, पण नरसोबाच्या वाडीला जायचं म्हटलं की आई-बाबांना हीच लागते, आणि मलाही ती मोडीत काढायची नाही.

त्रास असा. गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट-कट. दुसऱ्या गाडीवरून केबल लावली की लगेच चालू. हायवेने पुण्याला जाऊन आलो की त्या दिवशी कितीही वेळा बंद-चालू करा, काही तक्रार नाही. पण रात्री गर्दीत एसी, हेडलाइट, वायपर असं सगळं एकदम चालू असलं की दिवे पिवळे पडतात आणि हॉर्नचा आवाज बसतो. डॅशबोर्डवरची बॅटरीची लाईट किल्ली दिल्यावर लागते, इंजिन चालू झालं की विझते, नंतर कधीच लागत नाही.

बॅटरी दीड वर्षाची आहे. आधीचीसुद्धा दोन वर्षं पुरली नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवी टाका. गॅरेजवाला म्हणतो डायनॅमो बांधून घ्या. मीटर दोघांनीही लावला नाही. मला अंदाजाने पैसे घालायचे नाहीत. मल्टिमीटर घरी आहे आणि वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही, पण सांगून ठेवतो: हल्ली सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की पॅडल कडक लागतं, थोड्या वेळाने नीट होतं.

तांब्याची तार

कृष्णाकाठ, नवी बॅटरी अजिबात घेऊ नका. दोन बॅटऱ्या लागोपाठ अकाली गेल्या म्हणजे बॅटरीला कोणीतरी मारतंय. तिसरीही तशीच मरेल. मी आयुष्यभर ऑटो इलेक्ट्रिकचंच काम केलं, आणि गिऱ्हाइकाने दाखवायला आणलेल्या जुन्या बॅटऱ्यांपैकी कितीतरी बॅटऱ्यांत काहीच दोष नसायचा. त्या फक्त उपाशी होत्या.

तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या आणि एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. बॅटरी चार्ज धरते का? डायनॅमो पुरेसा चार्ज देतो का आणि तो बॅटरीपर्यंत पोचतो का? गाडी बंद असताना कोण करंट खातंय?

आज रात्री गाडी उभी करा आणि सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मीटर लावा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी, आणि अशा अवस्थेत आठवडाभर राहिली तर प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं, ते मग पूर्ण उतरत नाही. गाडी चालवून आल्याबरोबर घेतलेलं रीडिंग धरू नका. ते वरवरचं असतं, चार-पाच तास थांबावं लागतं.

मग बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर केलेल्या कुठल्याही चाचणीला अर्थ नाही. भरल्यावर कोणाला तरी सेल्फ मारायला लावून त्याच वेळी टोकांवर व्होल्ट बघा. डिझेलला कॉम्प्रेशन जास्त, तुमच्या इंजिनात तर वीसपटीच्या वर, त्यामुळे सेल्फ सहज दोन-तीनशे अँपिअर ओढतो. तरीही ९.६ च्या खाली जाता कामा नये. १० च्या आसपास राहिलं तर उत्तम.

शेवटी इंजिन चालू करून मोजा. आधी थंड असताना, काही न लावता. मग हेडलाइट, ब्लोअर, एसी लावून. मग गाडी अर्धा तास पळवून, गरम इंजिनावर पुन्हा तेच. हे गरमचं रीडिंग बहुतेक लोक घेतच नाहीत आणि खरा रोग तिथेच दिसतो.

काटेपूर्णा

अकोल्याहून सांगतो भाऊ, आमच्याकडे बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं हिवाळ्यात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, जाळी झिजते. तेव्हा इंजिन गरम असतं म्हणून सेल्फ कसाबसा फिरतो. डिसेंबरमध्ये पहाटे तेल घट्ट होतं, तेव्हा बॅटरी हात टेकते आणि माणूस थंडीला दोष देतो.

तुमच्या बॅटरीला वरून बुचं असतील तर हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडच्या पाण्याचा दाटपणा मोजायची नळी, आणा, स्वस्तात मिळतो. सहाही खणांचं पाणी तपासा. पूर्ण चार्जवर १.२६ ते १.२८ आलं पाहिजे. पाच खणांत १.२६ आणि एकात १.१५ असं निघालं तर तो खण गेला, मग ती बॅटरी कितीही चार्ज करा. सगळेच खण सारखेच खाली असतील तर बॅटरी ठीक आहे, चार्जिंग कमी पडतंय. मीटरपेक्षा मला हेच जास्त भरवशाचं वाटतं, कारण मीटर सहा खणांची बेरीज सांगतो. पाणी टाकायचं ते डिस्टिल्डच, नळाचं नाही, आणि ॲसिड तर कधीच वरून टाकायचं नाही. डोळ्याला चष्मा लावा.

डायनॅमोची जुनी परीक्षा म्हणजे गाडी चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढायचं. गाडी चालू राहिली तर डायनॅमो चांगला.

निरगुडी

काटेपूर्णा, हायड्रोमीटरबद्दल शंभर टक्के सहमत. पण चालू गाडीचं टर्मिनल काढणं, कृपा करून कोणीही करू नका. मी नाशिकला पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, म्हणून कारणासकट लिहिते.

अल्टरनेटर (ज्याला सगळे डायनॅमो म्हणतात तो) चार्ज देत असताना बॅटरी अचानक सुटली की त्याच्या रोटरमधलं, म्हणजे आतल्या फिरत्या भागातलं, चुंबकीय क्षेत्र लगेच कमी होत नाही. करंटला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. बारा व्होल्टच्या गाडीत ते ऐंशी-शंभर व्होल्टपर्यंत जाऊ शकतं, सेकंदाचा काही भागच, पण डायोड, व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर, म्युझिक सिस्टिम आणि नव्या, कॉमन रेल डिझेल गाडीतला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जायला तेवढा वेळ पुरतो. चांगला अल्टरनेटर ह्या परीक्षेत खराब होतो.

शिवाय डिझेलमध्ये ही परीक्षा काही सिद्धही करत नाही. जुन्या इनलाइन पंपाच्या, दोरी ओढून बंद करायच्या इंजिनाला फिरत राहायला वीजच लागत नाही. अल्टरनेटर पूर्ण मेलेला असला तरी ते चालू राहील. क्वालिससारख्या रोटरी पंपावर डिझेल सोडणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असतो, तो वीज गेली की इंजिन बंद करतो. म्हणजे ह्या परीक्षेने अल्टरनेटरबद्दल काही कळत नाही, कळतो तो फक्त पंपाचा प्रकार.

काटेपूर्णा

निरगुडीताई, आमच्याकडे ती पद्धत खऱ्या डायनॅमोच्या काळात जुन्या जीपांवर चालायची, तिथे डायोड नव्हते. अल्टरनेटरवर नको, पटलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. रीडिंग घेतली.

रात्रभर उभी, सकाळी: १२.१८. नंतर बॅटरी बाहेर काढून पूर्ण चार्ज केली, रात्रभर तशीच ठेवली: १२.६२. हायड्रोमीटर: सगळे खण १.२६ च्या आसपास, एकही वेगळा नाही.

सेल्फ मारताना: ९.७.

इंजिन थंड, काही न लावता: १४.१. थंड, सगळं लावून: १३.४. वारुंजीच्या पुढे जाऊन परत आलो, इंजिन गरम, काही न लावता: १३.२. गरम, सगळं लावून, आयडलवर: १२.५. रेस वाढवून: १२.९, त्याच्या वर जात नाही.

बेल्ट बोटाने दाबून बघितला, साधारण एक सेंटिमीटर दबतो, तडे नाहीत, किंचाळत नाही.

तांब्याची तार

हेच पाहिजे होतं. आता वाचा काय दिसतंय ते.

१२.६२ टिकली, सहा खण सारखे, सेल्फवर ९.७. बॅटरी थोडी थकली असेल, पण जिवंत आहे. दुकानदाराचं निदान इथेच संपलं.

थंड असताना १४.१, म्हणजे रेग्युलेटर कामावर आहे. गरम झाल्यावर व्होल्ट थोडे कमी होतात ते बरोबर असतं, रेग्युलेटर मुद्दामच तसा बनवलेला असतो. १३.८ पर्यंत आलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण गरम इंजिन, रेस, आणि १२.९? बॅटरीला भरायला साडेतेराच्या वर लागतात. १२.५ ला तर उलट बॅटरीच गाडीला पोसतेय. हायवेवर दिवसा लोड कमी, रेस जास्त, म्हणून तिथे कसंबसं भागतं. पुण्याच्या गर्दीत रात्री उलटं होतं.

लाईट का लागत नाही? ती लाईट डायनॅमो पूर्ण बसला तरच लागते. कमी चार्ज देतोय, एवढं ती सांगत नाही. लाईट विझलेली आहे म्हणजे चार्जिंग चांगलं, ह्या समजापायी फार बॅटऱ्या गेल्यात.

आता डायनॅमोच कमी देतोय की दिलेलं वाटेत गळतंय, ते बघा. इंजिन चालू, सगळा लोड लावलेला. मीटरची लाल तार डायनॅमोच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि काळी तार बॅटरीच्या प्लसवर. हो, प्लस ते प्लस. पाव व्होल्टच्या आत आलं पाहिजे. मग डायनॅमोची बॉडी ते बॅटरीचा मायनस, तेही तसंच. एक व्होल्ट वाटेत गेला असेल तर नवा डायनॅमो बसवूनही काही फरक पडणार नाही. पंख्यापासून हात, बाही आणि मीटरच्या तारा लांब ठेवा.

दर्यावर्दी

ह्या अर्थिंगवर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण मालवणात आमचा निम्मा त्रास तिथूनच येतो.

बॅटरीच्या मायनसपासून एक पट्टी बॉडीला जाते आणि एक इंजिनला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे त्याला बॉडीचा विजेचा आधार फक्त त्या विणलेल्या पट्टीचा. समुद्राच्या हवेत ती पट्टी आतून हिरवी होते. बाहेरून शाबूत दिसते, हातात घेऊन वाकवली की भुगा पडतो. माझ्या जुन्या सुमोची पट्टी अशीच गेली होती. सेल्फ मेल्यासारखा फिरायचा, आणि एक दिवस सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरच्या केबलीतून धूर निघाला. इंजिनला परतीचा रस्ता मिळाला नाही म्हणून सेल्फचा करंट त्या बारीक केबलीतून बॉडीकडे जात होता. केबल आत वितळून चिकटली.

तपासायला सोपं आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नाही, खांबावर. दुसरी इंजिनच्या ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारा. ०.२ च्या आत असेल तर छान. अर्धा व्होल्ट म्हणजे पट्टी बदला. नवी पट्टी बसवताना बोल्टखालचा रंग चकाकेपर्यंत घासा, आवळा, आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आधी लावून वर पट्टीचं टोक बसवू नका. खांबावरची पांढरी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून जाते, ते पाणी बुचांच्या आत मात्र जाऊ देऊ नये.

सह्यकडा

पाचगणीहून. कृष्णाकाठ यांचा प्रश्न वेगळा आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी एक मुद्दा. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही, हा बॅटरीचा दोष नसतो. जुन्या डिझेलमध्ये तेव्हा हीटर प्लग, म्हणजे चालू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे प्लग, बघायचे. प्लगांना जोडणारी पट्टी काढून एकेक प्लग मीटरने ओहमवर तपासा. चांगला प्लग एका ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन जळाले तरी उन्हाळ्यात गाडी चालू होते, थंडीत मात्र तुम्ही सेल्फ मारत राहता आणि बॅटरी बिचारी फुकट जाते.

उलटाही प्रकार होतो. हीटरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटला तर प्लग चालूच राहतात. चार प्लग मिळून चाळीसच्या वर अँपिअर सहज खातात. इंजिन चालू असतानाही चार्जिंग खाली राहिलं तर रिलेनंतरच्या वायरवर व्होल्ट येतात का ते एकदा बघावं.

कृष्णाकाठ

प्लस ते प्लस: ०.१४. बॉडी ते मायनस: ०.०५. सेल्फ मारताना मायनस ते ब्लॉक: ०.११. हीटरच्या वायरवर इंजिन गरम असताना शून्य. म्हणजे वाटेत गळती नाही.

डायनॅमोच्या मागे हात घातला तर बोटं काळी आणि तेलकट झाली. फोटो टाकलाय. मागच्या झाकणाच्या फटींतून काळा चिकट लगदा दिसतोय, खालच्या रबरी नळीच्या तोंडाशीही ओल आहे. हे इंजिनाचं तेल डायनॅमोत कसं?

तांब्याची तार

आता तुमच्या पहिल्या प्रतिसादातल्या शेवटच्या ओळीकडे चला. ब्रेकचं पॅडल कडक लागतं म्हणालात. दोन्हीचं मूळ एकाच ठिकाणी आहे.

पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम इंजिनाच्या इनटेकमधून मिळतो. डिझेलला तसा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नाही, म्हणून व्हॅक्यूम बनवायला वेगळा पंप लागतो. तुमच्या क्वालिसमध्ये, तसाच बोलेरो, सुमोसारख्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत, तो पंप डायनॅमोच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि डायनॅमोच्याच शाफ्टवर फिरतो. पंपातली पाती ओली राहावीत म्हणून इंजिनाचं तेल एका बारीक पाइपाने पंपात येतं आणि जाड नळीने परत खाली जातं. पंप आणि डायनॅमो यांच्यामध्ये फक्त एक ऑइल सील. वीस वर्षांत ते सील उष्णतेने टणक होतं, आणि तेल डायनॅमोत उतरतं.

आत काय होतं बघा. कार्बनचा चुरा आणि तेल मिळून लगदा होतो. तो रोटरला करंट पोचवणाऱ्या कार्बन ब्रशला होल्डरमध्ये अडकवतो, आणि ब्रश ज्यावर घासतो त्या स्लिप रिंगवर थर बसवतो. थंड असताना ब्रश कसाबसा टेकतो, १४.१ मिळतात. गरम झालं, तेल पातळ झालं, की टेकणं सुटतं आणि रोटरला पुरेसा करंट मिळत नाही. तुमची गरम-थंडची रीडिंग ह्याच्याशी तंतोतंत जुळतात.

बॅटरीचं राहू द्या, आधी ब्रेक. इंजिन बंद करून पॅडल चार-पाचदा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पॅडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल आपोआप थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं किंवा फार उशिरा गेलं तर पंप नाहीतर त्याची नळी कमजोर आहे. असं असेल तर ही गाडी घेऊन घाट उतरायचा नाही. आई-बाबांना घेऊन तर मुळीच नाही, काम होईपर्यंत.

आणि सील बदलताना मिस्त्रीला परतीची नळी काढून बघायला सांगा. ती आतून फुगून किंवा चिकट तेलाने बंद झाली असेल तर तेल पंपात तुंबतं आणि नवं सीलही तोडून बाहेर येतं. इंजिनाचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल तरीही तसंच. नुसतं सील बदलून दिलं की काही महिन्यांत गाडी परत येते, हे मी फार पाहिलंय.

निरगुडी

तांब्याची तार, तुमचं निदान वाचताना फार बरं वाटलं. पण एक प्रश्न शिल्लक राहतो. चार्जिंग कमी पडतंय त्यामुळे बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, हे खरं. पण दोन दिवस नुसती उभी राहून सेल्फ कट-कट करतो, ते एवढ्याने होऊ नये. बंद गाडीत काहीतरी खातंय.

कृष्णाकाठ, किल्ली काढा, दारं बंद, केबिनची लाईट बंद. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीचा मायनस क्लॅम्प काढून क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये मीटर जोडा. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, हीटर किंवा सेल्फ लागला तर मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जाईल. तुमच्या इंजिनाला ईसीयू नाही, त्यामुळे लगेच खरं रीडिंग मिळेल. कॉमन रेल गाडीत सगळे कंट्रोलर झोपायला अर्धा तास थांबावं लागतं. घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमची मेमरी धरून ०.०५ अँपिअरच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर एकेक फ्यूज काढून बघा कोणता काढल्यावर उतरतं.

सगळे फ्यूज काढूनही उतरलं नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडा. ती फ्यूज बॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेली असते आणि किल्ली काढली तरी जिवंत असते, म्हणून ती सोडताना आधी मीटरही काढून बॅटरी पूर्ण सुटी करा. वायरचं टोक टेपने गुंडाळा, मग मीटर परत लावा. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. ते अर्धवट उघडं राहिलं तर गाडी बंद असताना बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जात राहतो. जमलं तर इंजिन चालू असताना मीटर एसी व्होल्टवर (गाडीचा एसी नव्हे, घरातल्या विजेसारखा दिशा बदलणारा करंट) ठेवून बॅटरीवर लावा. ०.१ च्या आत चांगलं. अर्ध्या व्होल्टच्या पुढे असेल तर डायोड गेलाय असं समजा.

कृष्णाकाठ

बंद गाडीत ०.४१ अँपिअर. फ्यूज एकेक करून सगळे काढले, रेडिओच्या फ्यूजला फक्त ०.०१ ने उतरलं. अल्टरनेटरची जाड वायर सोडली आणि आकडा ०.०२ वर आला.

मीटर एसी व्होल्टवर: ०.६.

ब्रेकची चाचणी: पॅडल खाली जातं, पण मोजून चार-पाच सेकंदांनी. गाडी दारात लावून ठेवलीय.

निरगुडी

म्हणजे डायोड. ०.४ अँपिअर म्हणजे दोन दिवसांत जवळजवळ १९ अँपिअर-तास. भरलेल्या ६५-७० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे जाणवलंही नसतं. पण तुमची बॅटरी कायम निम्मीच भरलेली, त्यातून १९ गेले की सेल्फपुरतं काही राहत नाही. दोन्ही दोष मिळून बॅटऱ्या मारत होते.

बोलेरोवाला

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. माझ्या बोलेरोत उलटं आहे. किल्ली दिल्यावर चार्जिंगची लाईट लागतच नाही. गाडी चालू झाल्यावरही १२.४ च, पण एकदा जोरात रेस केली की १४ होतात आणि मग राहतात. डायनॅमो उघडावा लागेल का?

तांब्याची तार

आधी बल्ब. ती लाईट नुसती सूचना द्यायला नसते. किल्ली दिल्यावर त्या बल्बमधूनच रोटरला पहिला करंट मिळतो. बल्ब उडाला किंवा वायर तुटली की डायनॅमो स्वतःतल्या उरलेल्या चुंबकत्वावर उठतो, आणि त्याला जोरात रेस लागते. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय. डायनॅमोच्या मागची बारीक वायर, बहुतेक ठिकाणी एल किंवा डी प्लस लिहिलेली, काढा, किल्ली द्या आणि ती वायर इंजिनला टेकवा. लाईट लागली तर बल्ब आणि वायर ठीक, दोष आत कार्बन किंवा रेग्युलेटरमध्ये. नाही लागली तर बल्ब, फ्यूज, वायर ह्याच क्रमाने. फक्त बारीक वायर. जाड वायर चुकूनही टेकवू नका. आणि कोणी तिथे एलईडी बल्ब बसवून दिला असेल तर काढून साधा लावा, एलईडीतून पुरेसा करंट जात नाही.

कृष्णाकाठ

काम झालं. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे उभा राहून करून घेतलं, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

मागचं झाकण काढल्यावर रॉकेलने धुवावं लागलं, इतका लगदा होता. एक कार्बन होल्डरबाहेर जेमतेम दिसत होता, दुसरा मध्येच अडकलेला, बोटाने दाबला तरी स्प्रिंग त्याला परत बाहेर ढकलत नव्हती. स्लिप रिंगवर काळा चकचकीत थर. डायोड प्लेट सोडवून एकेक डायोड मीटरवर धरला, त्यात एक दोन्ही बाजूंनी करंट सोडत होता. ऑइल सील हातात घेतलं तर वाकवताच तुकडा पडला. आणि तांब्याची तार काका, तुम्ही सांगितलेली परतीची नळी आतून इतकी फुगली होती की उदबत्तीची काडी कशीबशी गेली. ती आणि ब्रीदरची नळी दोन्ही नव्या टाकल्या. पंपाची पाती ठीक होती, सील आणि ओ-रिंग बदलल्या. बेअरिंग, कार्बन आणि डायोड प्लेट नवी. सगळं मिळून नव्या बॅटरीपेक्षा कमी खर्च आला.

आता गरम इंजिन, सगळा लोड, आयडलवर १३.६, थोडी रेस दिली की १३.९. मीटर एसी व्होल्टवर ०.०४. बंद गाडीत ०.०२. पॅडल इंजिन चालू होताच खाली जातं. बॅटरी तीच ठेवलीय.

काटेपूर्णा

मस्त काम झालं भाऊ. त्या बॅटरीला आता एकदा सावकाश चार्ज द्या, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे सहा-सात अँपिअरवर, रात्रभर, मोकळ्या हवेत. थोडं सल्फेट उतरेल. पुढेमागे नवी घ्यायची झाली तर दुकानातच तारखेचा शिक्का बघा आणि मीटर लावा. शेल्फवर १२.४ च्या खाली गेलेली बॅटरी हमीसकट दिली तरी घेऊ नका, ती दुकानातच म्हातारी झालेली असते.

बोलेरोवाला

बल्बच होता. लावला, आता किल्लीवर लाईट लागते आणि रेस न करता १४.२. तांब्याची तार, आणखी एक विचारतो. पुढे दोन जास्तीचे दिवे आणि ॲम्प्लिफायर लावायचाय. मोठी बॅटरी घेतली की चालेल ना?

तांब्याची तार

नाही. मोठी बॅटरी फक्त जास्त वेळ तग धरते, करंट डायनॅमोलाच पुरवायचा असतो. बेरीज करून बघा. हेडलाइटचे दोन बल्ब दहाच्या आसपास अँपिअर घेतात, ब्लोअर पूर्ण वेगावर जवळजवळ तेवढंच, एसीचा क्लच तीन-चार, वायपर तेवढेच. त्यात तुमचे ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे आणखी नऊ, आणि ॲम्प्लिफायर वेगळा. डायनॅमोच्या पट्टीवर छापलेला आकडा रेस असतानाचा असतो, आयडलवर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. दिवे एलईडीचे घ्या, ॲम्प्लिफायर लहान घ्या. बॅटरीपासून वायर ओढताना फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, रिले मध्ये, आणि जास्तीच्या दिव्यांचा रिले चालू करणारी बारीक वायर किल्लीच्या लाइनवरून घ्या, म्हणजे विसरून चालू राहिले तरी रात्रभर बॅटरी खाणार नाहीत. बसवून झाल्यावर सगळं लावून, गरम इंजिनावर, आयडलला मीटर लावा आणि आकडा इथे टाका. १३.२ च्या खाली असेल तर काय काढायचं ते बघू.